शाळेची कमान आणि शिक्षकाचा अर्ज

महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या गावात शिरताना शाळा कोठे आहे हे सहसा विचारावे लागत नाही. रस्त्याच्या कडेला सिमेंटची कमान दिसते. तिच्यावर शाळेच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत देणगीदाराचे नाव असते. आत गेल्यावर वर्गाच्या दारावर, पाण्याच्या टाकीवर, भिंतीवरच्या घड्याळावर, फार काय, पंख्याच्या पात्यावरसुद्धा कोणाच्या तरी स्मरणार्थ काही ना काही लिहिलेले आढळते. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या समाजाने देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेण्यात धन्यता मानली, त्याच समाजाने ती भावना शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आणली, हे त्याच्या श्रेयाचेच मानले पाहिजे. प्रश्न निराळा आहे. या सर्व दातृत्वापैकी वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमके काय येते? त्याला काही नवे करून पाहायचे असेल, एखादा विषय आपल्याला नीट शिकवता येत नाही अशी त्याची प्रामाणिक रुखरुख असेल, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

हा प्रश्न सुचण्यास एक निमित्त झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना जाहीर केली. ग्रामपंचायत हद्दीतील शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यावयाची तर पन्नास लाख रुपये आणि दहा वर्षांसाठी एक कोटी, मोठ्या महापालिकांच्या हद्दीत अर्थातच त्याहून अधिक, असे त्या वेळी दर ठरले. देणगी रोख द्यावयाची नाही, वस्तू व सेवा यांच्या रूपाने द्यावयाची. आणि दात्याची इच्छा असल्यास त्याने सुचवलेले नाव ठरावीक काळापुरते शाळेच्या नावाला जोडावयाचे. या योजनेवर पुष्कळ टीका झाली. शासन आपली जबाबदारी झटकीत आहे, हा त्या टीकेचा मुख्य सूर होता, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु त्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ‘सेवा’ या एका शब्दात शिक्षकाचे प्रशिक्षण बसू शकते, विज्ञानाच्या प्रयोगांना लागणारी साथ बसू शकते, वाचन शिकवण्याच्या नव्या पद्धतीची वर्ष-दोन वर्षे घेतलेली चाचणी बसू शकते. शासननिर्णयाच्या शब्दांनी दात्याचे हात बांधलेले नव्हते. बांधलेली आहे ती दात्याची दृष्टी. आणि हे विधान मी परक्यावर बोट दाखवून करीत नाही.

प्रस्तुत लेखक एका तालुक्याच्या गावातील छोट्या शिक्षणनिधीचा अनेक वर्षे विश्वस्त आहे. गावातले काही व्यापारी, दोघे डॉक्टर, काही निवृत्त शिक्षक यांनी मिळून उभा केलेला हा निधी. वर्षाकाठी व्याजाचे जे काही येते ते परिसरातील शाळांवर खर्च करावयाचे, एवढाच त्याचा हेतू. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतील बाईंचा अर्ज आला. फुलस्केपच्या अर्ध्या पानावर लिहिलेला. आजूबाजूच्या चार शाळांतील सहा शिक्षक महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकत्र बसणार होते. मुले अपूर्णांकात का अडखळतात, चौथीत पोचलेल्या मुलाला जोडाक्षर का वाचता येत नाही, याचा त्यांना आपसांत विचार करावयाचा होता, एकमेकांच्या वर्गात जाऊन पाहावयाचे होते. त्यासाठी एस. टी.चे भाडे, चहा, पुठ्ठे, एक ताजवा आणि वजने, आणि वर्षातून दोनदा पुण्याहून एखाद्या जाणकार माणसाला बोलावण्याचा प्रवासखर्च, असे मिळून वर्षाला ४,२०० रुपये त्यांनी मागितले होते.

आम्ही तो अर्ज नामंजूर केला. बैठकीच्या इतिवृत्तात कारण नोंदवलेले आहे: ‘काम टिकाऊ स्वरूपाचे नाही.’ चर्चेत कोणी विचारले, की याचे उद्‌घाटन कसले करावयाचे? कोणी म्हणाले, चहापाण्याला पैसे दिले तर हिशेबतपासनीस काय म्हणतील? मी स्वतः काहीही बोललो नाही, आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला. त्याच बैठकीत एका हायस्कुलाच्या कमानीसाठी ८५,००० रुपये एकमताने मंजूर झाले. ते सहा शिक्षक पदरमोड करून दोन वर्षे भेटत राहिले असे नंतर कानांवर आले. पुढे बदल्या झाल्या आणि ती मंडळी पांगली. वर्षाला ४,२०० रुपयांनी ती पांगायची थांबली असती असे मी म्हणणार नाही. पण आपल्यामागे गावातले कोणी उभे आहे एवढे तरी त्यांना वाटले असते.

आमच्यासारख्या निधींना ही दृष्टी कोठून आली, याचे मला कोडे पडते. कारण महाराष्ट्राची जुनी परंपरा अशी नव्हती. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा चालवण्यासाठी जी संस्था उभी राहिली तिचे नावच मुळी मुष्टिफंड. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून ती चालली. अशा मुठीने इमारती उठत नाहीत. शिकवणारा माणूस तगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह निघाले. त्यानंतर भाऊरावांनी माध्यमिक शाळांची माळ लावली असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांनी १९३५ साली साताऱ्यात काढले ते प्राथमिक शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय. महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० मध्ये. आधी शिक्षक, मग हायस्कूल, हा क्रम योगायोगाने घडलेला नाही. खेड्यात शाळा काढावयाची तर खेड्यात राहू इच्छिणारा आणि तेथल्या मुलाची भाषा समजणारा शिक्षक आधी तयार केला पाहिजे, हे त्या माणसाने ओळखले होते. विशेष म्हणजे ज्यांच्याकडून त्यांनी धान्य आणि पैसा मागितला त्या शेतकऱ्यांनाही ते पटवून देणे त्यांना जमले. आजच्या विश्वस्तांना ते पटत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यांपेक्षा विश्वस्तांविषयी अधिक सांगून जाते.

कोसबाडची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ती गुरे राखावयास जातात तर कुरणातच शाळा भरवावी, या कल्पनांना आज कोणी नवल म्हणत नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द तर देशभर गेला. मात्र त्या टेकडीवर जे खर्चले गेले ते मुख्यतः माणसांवर खर्चले गेले, याची आठवण आपण ठेवली नाही. बालसेविका तयार करणे, त्यांच्या वर्गात जाऊन बसणे, शंख-शिंपले, बिया, गवत यांतून साधने घडवणे, आणि हे सारे एका वर्षात नव्हे तर दशकानुदशके करीत राहणे, असा तो खर्च होता. उद्‌घाटनाची फीत कापण्याजोगे त्यात फारच थोडे होते.

परंतु स्थानिक संस्थेचा पैसा आणि शासनाची शाळा यांची सांगड घातली तर काय होऊ शकते, आणि ती सुटली तर काय होते, या दोन्ही गोष्टी ज्याला एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील त्याने आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबादकडे पाहावे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी त्या जिल्ह्यातील १६ शासकीय माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम हाती घेतला. या संस्थांनी मागितले काय? इमारत नव्हे, अनुदान नव्हे; त्यांनी शासनाकडे मागितली मोकळीक. सहावी ते आठवीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम, पुस्तक आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी बदलण्याची मुभा त्यांना हवी होती आणि, आश्चर्य वाटेल, ती मिळाली. फळ्यावर लिहून दिलेली व्याख्या पाठ करण्याऐवजी मुलाने स्वतः प्रयोग करावा, जे दिसेल ते लिहावे आणि त्यावर वाद घालावा, हे त्याचे सूत्र होते.

हे सूत्र सांगावयास सोपे आहे. गोची असते ती पुढेच. ज्या शिक्षकाने स्वतः शाळेत कधी परीक्षानळी हातात धरलेली नाही, त्याने चाळीस मुलांच्या हाती ती कशी द्यावयाची? होशंगाबादच्या कार्यक्रमाची खरी थोरवी या प्रश्नाच्या उत्तरात आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवड्यांचे प्रशिक्षण होई. ते एकदाच उरकले जात नसे, तर सहावी, सातवी, आठवी अशा एकेका इयत्तेसाठी लागोपाठ तीन वर्षे चाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक आपली सुटी सोडून तेथे येत आणि शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून तेच प्रयोग करीत. शिक्षक विद्यार्थी होई; त्याला न कळलेले विचारण्याची त्याला लाज वाटू नये अशी तेथली हवा होती. पुढे वर्षभर दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी भरे आणि कोणी तरी शाळेत येऊन वर्ग पाही. तो तपासनीस म्हणून येत नसे. मुलांच्या मनात उठणाऱ्या प्रश्नांना पत्रोत्तर देण्यासाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण झाले आणि खेड्यापाड्यांतील मुले त्याला पत्रे लिहू लागली. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा असे, कारण पुस्तकातले वाक्य आठवते की नाही हे तपासावयाचेच नव्हते.

खर्चाची वाटणीही पाहण्यासारखी होती. शिक्षक प्रशिक्षणास आले तर ते कामावर आहेत असे मानून शासन त्यांचा प्रवासभत्ता देई. प्रयोगसाहित्याची पेटीही शासकीय यंत्रणेतून शाळेत जाई. संस्था देत असे ती माणसे, विचार आणि चिकाटी. म्हणजे जे शासनाला सहज देता येते ते शासनाने दिले, आणि जे कोणत्याही शासनाच्या अंदाजपत्रकात बसत नाही ते संस्थेने. याच वाटणीमुळे १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात नेता आला, आणि १९८२ मध्ये तो सांभाळण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. अरविंद गुप्ता पुण्यातील कारखान्यातून रजा घेऊन १९७८ मध्ये तिकडे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून त्यांनी जी खेळणी केली, ती पुढे जगभरच्या मुलांच्या हाती गेली. एखाद्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या दोन-चार रुपयांच्या वस्तूंतून भूमिती उभी राहू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

आणि मग २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले. त्याची कारणे, त्यातले राजकारण, परीक्षेच्या निकालांवरून उठलेले वाद, यांत मी येथे शिरत नाही. त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरता बोध एवढाच, की शासकीय शाळेत काम करणाऱ्या संस्थेचे दार शासनाच्या हाती असते. ते बंद झाले की पैसा, बुद्धी, निष्ठा यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. म्हणून शासनाला बाजूला सारून शाळा सुधारू पाहणारे प्रतिष्ठान भाबडे ठरते, आणि शासनाच्या लहरीवर सर्वस्वी विसंबणारे प्रतिष्ठानही तितकेच भाबडे. दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. ती शिक्षकांतून जाते. ज्यांनी तीन-तीन उन्हाळे प्रयोग केले होते, त्या शिक्षकांच्या मनातला प्रश्न विचारण्याचा धीटपणा कोणत्याही शासननिर्णयाने परत घेता येण्यासारखा नव्हता.

अरविंद गुप्तांचा उल्लेख आला म्हणून एक आठवण सांगण्याचा मोह होतो. ते पुढे पुण्यात ‘आयुका’च्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. शाळाशाळांतील मुले आणि शिक्षक जेथे खटपट करावयास येत, ती वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव, आणि ज्याला दिसेल त्याला त्यात पु. ल. दिसावेत! देणगीदाराचे नाव लावावयाचेच असेल तर ते कसे लावावे याचा हा एक धडाच म्हणावयाचा. इमारतीला माझा सरसकट विरोध आहे असे कोणी समजू नये. आत काय चालणार आहे हे आधी ठरले असेल तर भिंतींनाही अर्थ येतो.

असो. आता पैशाचा ओघ कोठून येतो ते पाहू. गावच्या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीपेक्षा फार मोठा पैसा गेल्या दशकात शाळांकडे वळला आहे तो कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, विशिष्ट मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आली. शिक्षण हा या खर्चाचा एक मोठा मार्ग झाला आहे. प्रतिष्ठाने निघाली, कार्यालये थाटली गेली, अहवाल गुळगुळीत कागदावर छापले जाऊ लागले. या पैशाने काही चांगली कामे झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कायद्याच्या आणि नियमांच्या दोन कलमांकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

पहिले कलम मुदतीचे. अनेक वर्षे चालणारा प्रकल्प नियमांप्रमाणे, तो सुरू झाल्याचे वर्ष सोडून, तीन वर्षांच्या आत संपावयास हवा. रस्ता, टाकी, स्वच्छतागृह यांना ही मुदत पुरते. शिक्षक घडण्यास ती पुरत नाही. पहिले वर्ष ओळख होण्यात आणि अविश्वास जाण्यात संपते. दुसऱ्या वर्षी काही शिक्षक मनापासून सामील होतात. तिसऱ्या वर्षी त्यांच्या वर्गात फरक दिसू लागतो, आणि तोच निधीचा शेवटचा हप्ता येतो. होशंगाबादला ही मुदत लावली असती तर तो कार्यक्रम सोळा शाळांच्या पुढे गेलाच नसता. नव्याने अर्ज करता येतो, हे खरे. पण दर तीन वर्षांनी ज्या कार्यकर्त्याला आपल्या पगाराची खात्री नसते, तो शिक्षकाला धीर धरावयास काय सांगणार?

दुसरे कलम जागेचे. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो. हेतू चांगला आहे: धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांना काही मिळावे. पण परिणाम असा, की जेथे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत त्या पट्ट्याकडे पैसा ओढला जातो, आणि धडगाव, अक्कलकुवा, भामरागड येथल्या शाळांजवळ कारखानाच नाही. ज्या शिक्षकाला सर्वांत अधिक आधार हवा, तो दात्याच्या नकाशावर सर्वांत दूर.

हे दुखणे आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने जून १९७८ मध्ये सार्वमताने मालमत्ता कराला कडक मर्यादा घातली आणि स्थानिक करावर जगणाऱ्या शाळांची कोंडी झाली. तेव्हापासून तेथे गावोगाव शिक्षणनिधी उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोत असा निधी १९७९ मध्ये निघाला. या निधींची एक प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. शिक्षकाने एक-दोन पानांचा अर्ज करावयाचा, वर्गात काय करून पाहावयाचे ते सांगावयाचे, आणि छोटीशी रक्कम थेट त्याच्या उपक्रमासाठी घ्यावयाची. मुख्याध्यापक, अधिकारी, मंत्री यांच्या हातून झिरपत येणारा पैसा नव्हे. एका माणसाच्या कल्पनेवर दुसऱ्या माणसाने टाकलेला विश्वास. आमच्या बाईंनी नेमके हेच मागितले होते, त्यांना अमेरिकेची खबरबात नसताना.

त्याच अमेरिकेने दुसरी बाजूही दाखवली. धनिकांच्या वस्तीतील निधींनी पालकांकडून मोठ्या रकमा जमवल्या आणि पुढे पुढे कला, संगीत, ग्रंथालय येथपासून जादा शिक्षकांच्या पगारापर्यंतचा भार उचलला. कष्टकऱ्यांच्या वस्तीतील शाळेला हे जमणे शक्यच नव्हते. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराने यावर एक तोड काढली होती: एखाद्या शाळेच्या निधीने ठरावीक रकमेपेक्षा अधिक गोळा केले तर वरच्या रकमेचा तिसरा हिस्सा सर्व शाळांच्या समाईक निधीत जावा. ही व्यवस्थाही पुढे अपुरी वाटून बदलावी लागली, पण तिच्यामागचा विचार आपल्याकडे कोणी बोलूनसुद्धा दाखवत नाही. पुण्यामुंबईच्या नामांकित शाळांचे माजी विद्यार्थी परदेशांतून आपल्या शाळेला लक्षावधी रुपये धाडतात. त्यातील दहावा हिस्सा त्यांनी एखाद्या डोंगरी तालुक्यातील शिक्षकांच्या मासिक बैठकीसाठी राखून ठेवावा, असे सुचवले तर त्यांना राग येईल काय? मला वाटत नाही. त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

येथे आक्षेप घेतला जाईल, की शिक्षकांचे प्रशिक्षण हे शासनाचे काम. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठी १९८६ च्या धोरणापासून संस्था आहेत, केंद्राकेंद्रांवर शिक्षण परिषदा भरतात, २०२० च्या धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. सर्व खरे. परंतु वरून ठरलेले प्रशिक्षण आणि शिक्षकाला स्वतःला पडलेल्या प्रश्नातून निघालेले शिक्षण यांत फार अंतर आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटात जिल्हा परिषदेच्याच शिक्षकांनी एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या पुढाकाराने जे काम उभे केले, ते पाहावयास राज्यभरातून शिक्षक गेले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमात त्याचा गाजावाजा झाला. त्यानंतर खेड्यापाड्यांतील वर्गांच्या फरश्या रंगल्या. आकड्यांचे सर्प आणि अक्षरांची फुले जमिनीवर उमटली. रंग सर्वत्र पोचला. त्या रंगामागे शिक्षकांनी केलेली वर्षांची धडपड, चुका, आपसांतल्या चर्चा हे मात्र ट्रकमध्ये भरून पाठवता येत नाही. शासनयंत्रणेला वस्तूंचा प्रसार जमतो. विचाराला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ विकत घेऊन देणे हेच स्थानिक निधीचे खरे काम आहे.

सर्व शिक्षा अभियानाने एके काळी प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साधनांसाठी वर्षाला ५०० रुपये दिले होते. रक्कम क्षुल्लक होती, तिच्या पावत्यांचा छळ मोठा होता, आणि पुष्कळ ठिकाणी तिचे रूपांतर तयार तक्त्यांत झाले. तरीही ‘हे तुझे, यातून तुला सुचेल ते कर’ असे शिक्षकाला म्हणणारी ती शासनाची दुर्मीळ रक्कम होती. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि शाळेला एकत्रित अनुदान मिळू लागले. वीजबिल, झाडू, खडू आणि दुरुस्ती यांच्या रांगेत शिक्षकाची कल्पना शेवटी उभी राहते. शासनाने सोडलेली ही जागा गावच्या निधीने घ्यावयास हरकत नाही. उलट शिक्षकाचा पगार, रिक्त जागा, गळके छप्पर या जागा त्याने कधीही घेऊ नयेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या शासनावर टाकल्या आहेत, आणि एकदा दात्याने त्या घेतल्या की शासन त्या परत मागावयास येणार नाही.

हिशेबतपासनिसांच्या नावाने आम्ही त्या वेळी जो बागुलबुवा उभा केला, तोही मी नंतर पडताळून पाहिला. आमच्या विश्वस्तपत्रात ‘शिक्षणाच्या प्रसारासाठी’ असे शब्द आहेत. एस. टी.ची तिकिटे आणि चहाचे बिल त्यात बसते की नाही, असे मी आमच्या लेखापरीक्षकांना विचारले. ते म्हणाले, ठराव करा, पावत्या ठेवा, अडचण कसली? बारा वर्षांपूर्वी हे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

गेल्या वर्षी मी बैठकीत एक छोटा ठराव मांडला: व्याजाच्या रकमेपैकी निम्मी रक्कम पाच वर्षेपर्यंत शिक्षकांच्या स्वतःच्या अर्जांसाठी राखून ठेवावी, अर्ज एका पानाचा असावा, उद्‌घाटन, फलक, छायाचित्र यांची अट नसावी, आणि वर्षाअखेर अहवालाऐवजी आमच्यापैकी दोघांनी त्या वर्गात जाऊन एक दिवस बसावे. चर्चा बरी झाली. दोघांनी पाठिंबा दिला, एकाने ‘लोकांना दिसेल असे काही हवे’ म्हणून सांगितले, आणि ठराव पुढील बैठकीसाठी ठेवण्यात आला. त्या बाई आता दुसऱ्या तालुक्यात आहेत आणि निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत, असे कळले. त्यांचा तो अर्ज मी जुन्या फायलीतून काढून ठेवला आहे. पुढील बैठक जूनमध्ये आहे. विषयपत्रिका कालच घरी आली. शिक्षकांच्या अर्जांचा विषय तीत चौथा आहे, पहिला हायस्कुलाच्या कमानीला नव्याने रंग देण्याचा.